थेंबे थेंबे बळ साचे

संथपणात केवढे सामर्थ्य असते, हे बऱ्हाणपूरच्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही. गावाबाहेर, सातपुड्याच्या बाजूस, कुंडी भंडारा आहे. मोगल सुभेदार अब्दुल रहीम खानखाना ह्यांच्या काळात, १६१५ साली, ही पाण्याची योजना उभी राहिली. डोंगरातून झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यात थेंबाथेंबाने गोळा व्हावे आणि केवळ उताराच्या आधाराने एका कुंडीतून दुसऱ्या कुंडीकडे सरकत शहराकडे यावे, अशी तिची रचना. कुंड्या शंभरावर, पण कोठे मोट नाही, रहाट नाही, पंप नाही. खाली उतरून पाहिले तर पाणी वाहते आहे हे डोळ्यांना धड जाणवतही नाही. तरी ह्या न दिसणाऱ्या ओघावर गावाच्या कित्येक पिढ्यांची तहान भागली.

आज आम्ही वाचकांपुढे जी गोष्ट मांडणार आहोत ती पाण्याची नव्हे, शरीराच्या बळाची आहे. तेही असेच थेंबाथेंबाने साचते आणि, दुःखाची गोष्ट अशी की, थेंबाथेंबानेच ओसरते. हे आम्हांला आमच्याच घरात कळले. आणि कळले तेव्हा चूक आमचीच होती हेही कळले.

मायेने केलेली चूक

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यातील ही हकिगत. आमच्या मातोश्रींचे वय तेव्हा चौऱ्याहत्तर. मागील दारी ओल्या फरशीवर त्यांचा पाय घसरला आणि त्या पडल्या. देवाची कृपा, हाड मोडले नाही. मनगट सुजले, गुडघ्याला खरचटले, आणि पंधरा दिवसांत सारे बरे झाले; निदान आम्हांला तरी तसे वाटले.

त्या दिवसापासून घरातील प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य झाले. पाण्याचा तांब्या घ्यावयास त्या उठल्या की आम्ही म्हणावे, "आई, तू बस." अंगणातील झाडांना पाणी घालावयास निघाल्या की सूनबाईंनी म्हणावे, "आई, तुम्ही बसा, मी घालते." नातवंडेही शिकली, "आजी, तू बस ना!" पूर्वी रविवारच्या मिस्सेला त्या आपल्या पायांनी जात. आता आम्ही रिक्षा बोलावू लागलो. पुढे पुढे पाऊस आहे, गर्दी आहे, अशी कारणे काढून "घरीच जपमाळ कर" असे सांगू लागलो. ह्या सगळ्यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. आम्ही मायेनेच बोलत होतो, आणि म्हातारपणी आईला आराम दिला ह्याचे आम्हांला थोडे समाधानही वाटत होते.

सहा महिन्यांनी, ऐन हिवाळ्यात, कोरड्या खोलीत, दिवसाढवळ्या खुर्चीवरून उठताना त्यांचा तोल गेला. पायांखाली काही नव्हते, अडखळण्यासारखी वस्तू नव्हती. शेजारी नातू होता म्हणून त्याने सावरले. आम्ही त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पाय चाचपून पाहिले, उभे करून पाहिले, आणि आम्हांला विचारले, "आजी दिवसभर काय करतात?" आम्ही अभिमानाने म्हणालो, "काही नाही. आम्ही त्यांना काही करूच देत नाही." डॉक्टर शांतपणे म्हणाले, "मग त्यांचे पाय काय करणार? तेही काही करीत नाहीत."

ह्या उत्तराने आमचे डोळे उघडले. म्हातारे माणूस एकदा पडले की त्याच्या मनात भय शिरते. भयामुळे ते कमी हिंडते. कमी हिंडल्याने मांड्यांचे व पोटऱ्यांचे स्नायू रोडावतात, घोट्यांची जाण बोथट होते, आणि तोल सावरण्याची जी सवय शरीराला आयुष्यभर असते ती विसरली जाते. मग पुन्हा पडणे अधिकच सोपे होते. ह्या चक्रात घरचे लोक आपल्या मायेचा हातभार लावतात.

ही काही लहानसहान बाब नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे दगावतात, आणि त्यांत साठीच्या पुढील माणसांचे प्रमाण सर्वांत अधिक असते. खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसे आपल्या प्रत्येकाच्या नात्यागोत्यांत असतील. पडणे म्हणजे केवळ दैव असे मानून आपण गप्प बसतो. परंतु त्यात दैवापेक्षा सवयीचा भाग मोठा आहे.

आजीसाठी कोणता व्यायाम?

व्यायामाची आवड आपल्या मुलखाला नवी नाही. बऱ्हाणपूरहून फार दूर नसलेल्या अमरावतीस १९१४ साली श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ निघाले. लोणावळ्यास १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापून योगाची शास्त्रीय कसोटीवर तपासणी आरंभिली. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. गावोगावच्या तालमींत दंड, बैठका, जोर, मल्लखांब ही परंपरा आहेच. ह्या सर्वांचे ऋण आम्ही मानतो. परंतु गुडघे धरलेली, जमिनीवर बसली तर हात दिल्यावाचून न उठणारी पंचाहत्तर वर्षांची आजी बैठका कोठून काढणार? तिला असा व्यायाम हवा की ज्यात खाली बसावे लागत नाही, धावावे लागत नाही, दम लागत नाही, आणि तरी पायांना काम मिळते व तोल सुधारतो.

असा व्यायाम आम्हांला दाखविला तो आमच्या पुतण्याने. तो पुण्यास नोकरीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आला असता पहाटे अंगणात उभा राहून तो हात-पाय इतके सावकाश हालवीत होता की प्रथम आम्हांला वाटले, ह्याला काही झाले आहे की काय! विचारता तो हसून म्हणाला, "काका, ही ताई ची. चिनी व्यायाम आहे. आमच्याकडे एका वर्गात साठीची, सत्तरीची माणसे माझ्या शेजारी उभी राहून करतात." मातोश्री ओसरीवरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "एवढे सावकाश तर मलाही येईल." त्या सकाळी पुतण्याने आजीला हात धरून उठविले, आणि आम्ही कोणी "तू बस" म्हणालो नाही.

चीनच्या खेड्यातून जगभर

ताई ची किंवा ताई ची च्वान ही मूळची चीनमधील युद्धविद्या होय. च्वान ह्या शब्दाचा अर्थच मूठ असा आहे. चीनच्या हनान प्रांतात चेन घराण्याचे एक खेडे आहे. सतराव्या शतकात तेथील चेन वांगतिंग नावाच्या योद्ध्याने ह्या विद्येचा पाया घातला असे सामान्यतः मानले जाते. म्हणजे आमच्या गावी कुंडी भंडाऱ्याचे पाणी नुकतेच वाहू लागले होते, १६३१ साली मुमताजमहल हिचा अंत बऱ्हाणपुरात झाला, त्याच सुमाराची ही गोष्ट. पुढे यांग लुचान (१७९९–१८७२) ह्यांनी ती चेन घराण्याकडून शिकून राजधानी पेकिंगपर्यंत नेली. त्यांचे नातू यांग चेंगफू ह्यांनी तिच्यातील उड्या व झटके गाळून तिला सर्वांस झेपेल असे सारख्या, संथ गतीचे रूप दिले. योगायोग असा की हे यांग चेंगफू आणि आपले स्वामी कुवलयानंद ह्या दोघांचे जन्मसाल एकच, १८८३. दोन देशांत, एकमेकांना न ओळखता, दोघांनी एकच काम केले: थोड्यांच्या हाती असलेली विद्या सामान्य जनांच्या हाती दिली.

१९५६ साली चीनच्या क्रीडा विभागाने यांग पद्धतीतून चोवीस हालचालींचा सोपा क्रम तयार केला. तो पाच-सहा मिनिटांत पुरा होतो, आणि आज जगभर बहुतेक नवशिके तोच शिकतात. २०२० साली युनेस्कोने ताई चीची गणना मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केली.

ह्या व्यायामाचे मर्म सांगताना जुने चिनी गुरू कोशातून रेशमाचा धागा काढण्याची उपमा देत आले आहेत. धागा हिसक्याने ओढला तर तुटतो, मध्येच थांबला तर गुंततो. म्हणून एकाच संथ ओढीने तो काढावा लागतो. ही उपमा बऱ्हाणपूरकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या गावचे तलम कापड इराण-तुर्कस्तानापर्यंत जात असल्याचे फ्रेंच प्रवासी ताव्हर्निये ह्याने सतराव्या शतकात लिहून ठेवले, आणि ज्या गावात आजही यंत्रमागांचा खडखडाट रात्रंदिवस ऐकू येतो, तेथील पोरासोरांनाही धागा कसा हाताळावा हे ठाऊक असते. आपले शरीर हाही तसाच एक धागा आहे, एवढेच ध्यानी घ्यावे.

परीक्षणांत काय आढळले

नव्या गोष्टीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, असे आमचे मत असल्याने आम्ही पुतण्याकडून ह्या विषयावरील शास्त्रीय परीक्षणांची माहिती मागविली. अमेरिकेतील ऑरेगन राज्यात, पडण्याचा धोका असलेल्या सत्तरीपुढील ६७० माणसांचे तीन गट केले होते. एक गट ताई ची करी, दुसरा निरनिराळे व्यायाम एकत्र करी, तिसरा केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करी. आठवड्यातून दोनदा, चोवीस आठवडे हा क्रम चालला. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षाप्रमाणे अंग ताणणाऱ्या गटापेक्षा ताई चीच्या गटात पडण्याचे प्रसंग ५८ टक्क्यांनी कमी होते, आणि मिश्र व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ३१ टक्क्यांनी कमी. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका परीक्षणात गुडघ्यांच्या संधिवाताचे २०४ रुग्ण होते. बारा आठवड्यांनंतर ताई ची करणाऱ्यांना जवळजवळ तेवढाच आराम पडला, जेवढा फिजिओथेरपी घेणाऱ्यांना पडला. हात-पाय थरथरण्याच्या, म्हणजे पार्किन्सनच्या, १९५ रुग्णांचाही तोल ह्या व्यायामाने सुधारल्याचे २०१२ साली दिसून आले.

तथापि वाचकांनी अतिशयोक्तीला बळी पडू नये. ताई चीने मधुमेह नाहीसा होतो, मोडलेले हाड जुळते, औषधे फेकून देता येतात, असे कोणी म्हणाल्यास त्याच्यावर विश्वास ठेवू नये. हा व्यायाम आहे, जादू नव्हे.

आणखी एक शंका आमच्या घरीच निघाली, म्हणून तिचाही उल्लेख करितो. मातोश्रींनी विचारले, "ह्यात परधर्माची काही पूजा तर नाही?" ह्या विद्येची परिभाषा चीनच्या जुन्या तत्त्वज्ञानातून आली आहे हे खरे. परंतु हात उचलणे, पाऊल टाकणे, श्वास घेणे ह्यांत कोणाची पूजा नाही. अनेक देशांच्या रुग्णालयांत ते निव्वळ व्यायाम म्हणून शिकविले जाते. रोमच्या धर्मसिद्धान्त विभागाने १९८९ साली बिशपांना लिहिलेल्या पत्रात एक विवेकाची सूचना आहे. शारीरिक व्यायामाने मनाला जी शांती वाटते तिला पवित्र आत्म्याचे सांत्वन समजण्याची चूक करू नये, असा तिचा आशय. आम्हांला हे मोलाचे वाटते. व्यायाम हा व्यायाम म्हणून करावा, प्रार्थना ही प्रार्थना म्हणून करावी. एखादा शिक्षक व्यायामात निराळेच काही मिसळू लागला, तर आपल्या धर्मगुरूंना विचारावे. मातोश्रींचे एवढ्याने समाधान झाले.

घरी कसे करावे

संपूर्ण चोवीस हालचाली शिकण्यास शिक्षक हवा. पण आरंभासाठी चार गोष्टी पुरेत. आमच्या घरी आम्ही ह्या चारच गोष्टींनी सुरुवात केली.

पहिली, उभे राहणे. पाय खांद्यांइतके दूर ठेवावेत, पावले समोर. गुडघे ताठ न ठेवता किंचित सैल सोडावेत. खांदे खाली, हनुवटी थोडी आत. डोक्याला वरून कोणी दोऱ्याने अलगद धरले आहे असे समजावे. डोक्यावर पाण्याची घागर घेऊन चालणाऱ्या बायकांची मान जशी असते, तशी. असे एक मिनिट उभे राहून श्वास नाकाने सावकाश घ्यावा व सोडावा. हे दिसते सोपे, पण पहिल्या दिवशी मातोश्रींच्या मांड्या कापू लागल्या होत्या.

दुसरी, हात उचलणे. श्वास घेत दोन्ही हात समोर खांद्यांइतके वर आणावेत. मनगटे सैल, जणू पाण्यावर तरंगत वर आली आहेत. श्वास सोडीत हात खाली आणावेत आणि त्याच वेळी गुडघे अगदी थोडे वाकवावेत. असे सहा वेळा.

तिसरी, वजन बदलणे. ताई चीचा खरा गाभा हाच. त्या विद्येत ज्या पायावर भार आहे तो भरलेला, ज्यावर नाही तो रिकामा असे म्हणतात. सावकाश सारे वजन उजव्या पायावर घ्यावे. डावा रिकामा झाला की तो टाचेवर अलगद पुढे टेकवावा, आणि जमीन नीट लागल्यावरच वजन त्याच्यावर सरकवावे. मग मागे यावे. प्रत्येक बाजूस चार वेळा. पावसाळ्यात काळ्या मातीच्या बांधावरून चालणारा शेतकरी हेच करीत असतो: पाऊल आधी चाचपून टेकवितो, मग अंगाचा भार देतो. म्हातारे माणूस पडते ते बहुधा ह्या एका क्षणाच्या घाईने. पाय जमिनीवर स्थिर होण्याआधीच अंग पुढे गेलेले असते.

चौथी, ढगांचे हात. उभे राहून एक तळहात तोंडासमोर, दुसरा पोटासमोर धरावा. कमरेपासून सावकाश डावीकडे वळावे, मग हातांची अदलाबदल करून उजवीकडे. हात निराळे हालवू नयेत. कंबर वळली की हात तिच्याबरोबर आपोआप फिरावेत, जसे ताक घुसळताना रवी आणि अंग एकाच लयीत चालते. असे सहा वेळा करावे आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखे स्थिर उभे राहावे.

साऱ्याला मिळून आठ-दहा मिनिटे लागतात. ज्यांना उभे राहणे अवघड आहे त्यांनी पहिले काही आठवडे हातांच्या हालचाली बिनहाताळ्या, भक्कम खुर्चीवर बसूनच कराव्यात.

काही पथ्ये पाळावीत. जागा कोरडी व सपाट असावी. ओली फरशी, सरकणारी सतरंजी, पायांत घोळणारे लुगड्याचे टोक हे वैरी आहेत. आरंभी भिंतीशेजारी किंवा जड खुर्चीच्या पाठीला हात पोहोचेल असे उभे राहावे. गुडघा पावलाच्या बोटांपुढे जाऊ देऊ नये. जेवणानंतर लगेच करू नये. एप्रिल-मे महिन्यांत आमच्या गावचा पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा पहाटे करावे, नाहीतर घरातच. भोवळ आली, छातीत दुखले, सांध्यात तीव्र कळ आली तर तत्काळ थांबावे. हृदयविकार, वारंवार चक्कर, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा हाडे ठिसूळ झाल्याचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

सवय कशी जडवावी

हालचाली शिकणे सोपे, रोज करणे कठीण. पहिल्या आठवड्यात आमचे सारे घर अंगणात उभे राहिले. दुसऱ्या आठवड्यात नातवंडे गळाली. तिसऱ्यात आम्ही स्वतः कामाचे निमित्त काढू लागलो. नव्याचे नऊ दिवस म्हणतात तसेच झाले. मग आम्ही विचार केला की आपल्या घरात कोणत्या गोष्टी कधीच चुकत नाहीत? सकाळचा चहा चुकत नाही. सायंकाळची जपमाळ चुकत नाही. त्या चुकत नाहीत, कारण त्यांसाठी रोज नवा निश्चय करावा लागत नाही. एका कामाच्या शेपटाला दुसरे काम बांधलेले असते. म्हणून आम्ही ठरविले की चुलीवर, म्हणजे आताच्या गॅसवर, चहाचे आधण ठेवले की मातोश्रींनी ओसरीवर उभे राहावयाचे. व्यायाम संपला की चहा. मागे न लागता काम होऊ लागले.

लंडनच्या एका विद्यापीठातील संशोधकांनी ९६ लोकांवर सवयीचा अभ्यास करून २०१० साली तो प्रसिद्ध केला. रोज ठराविक प्रसंगानंतर एक लहानसे काम करावयाचे, आणि ते केव्हा आपोआप होऊ लागते हे पाहावयाचे, असा तो प्रयोग. साधारणपणे ६६ दिवसांच्या आसपास सवय जडते असे दिसले. परंतु कोणाला १८ दिवस पुरतील, तर कोणाला २५४ दिवस लागतील, असेही त्यांच्या गणितात आढळले. त्यांतील एक गोष्ट आम्हांला फार धीर देणारी वाटली. एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडत नाही. आपण मात्र एक दिवस चुकला की "आता काय, मोडलेच" असे म्हणून सोडून देतो. लग्नकार्य असो, सण असो, ताप येवो, दिवस चुकणारच. दुसऱ्या दिवशी चहाचे आधण ठेवले की पुन्हा उभे राहावे.

आणि म्हाताऱ्या माणसाला एकटे करावयास सांगू नये. "आई, तो चिनी व्यायाम केलास का?" असे खोलीतून ओरडून विचारणे म्हणजे "तू बस" चाच दुसरा प्रकार. शेजारी उभे राहावे. दहा मिनिटे कोणाच्याही घरी निघतात.

आजची स्थिती

ह्या गोष्टीला आता वर्ष होऊन गेले. चमत्कार झाला असे आम्ही सांगणार नाही. मातोश्रींचे गुडघे थंडीत अजूनही दुखतात. घराबाहेर पडताना हाती काठी असतेच, आणि ती असावी. पण खुर्चीवरून उठताना त्या आता हाताळ्यांना घट्ट धरीत नाहीत. उंबरा ओलांडताना क्षणभर थांबतात, पाय टेकवितात, मग भार देतात. हा क्षणभराचा थांबा त्यांच्या अंगात मुरला आहे. मागच्या नाताळात मध्यरात्रीच्या मिस्सेला त्या चालत आल्या. वाटेत आम्ही सवयीने हात पुढे केला, तर म्हणाल्या, "हात राहू दे. दिवा तेवढा नीट धर." देवळात गुडघे टेकून उठताना समोरच्या बाकाला एक हात लावला, एवढेच.

व्यायामाचा दुसरा लाभ आम्हांला अनपेक्षितपणे झाला. शेजारच्या दोन वृद्धा, एक मुसलमान विणकराच्या घरची व एक गुजराथी दुकानदाराची आई, सकाळी कुंपणापलीकडून पाहत असत. आता त्याही येऊन उभ्या राहतात. ओसरीवर तिघींचे सहा हात ढगांसारखे फिरू लागले की आमची धाकटी नात खिदळते, आणि मग तीही चौथी होऊन उभी राहते. गेल्या महिन्यात आम्ही बाजारातून मावा जिलेबी आणून पहाटेच चहाबरोबर खावयास बसलो, तेव्हा मातोश्रींनी आमच्या पोटाकडे पाहिले आणि आम्हांलाच म्हणाल्या, "तू बसलास का रे? ऊठ."

वाचकहो, आपल्या घरी जे कोणी म्हातारे माणूस कोपऱ्यातील खुर्चीवर बसून असेल, त्याला आपण केव्हापासून बसविले आहे, हे एकदा आठवून पाहावे. मग उद्या सकाळी, चहाचे आधण ठेवल्यावर, त्याला हात द्यावा, उभे करावे, आणि आपणही शेजारी उभे राहावे. पहिल्या दिवशी एकच मिनिट झाले तरी चालेल. कुंडी भंडाऱ्याचे पाणीही एका थेंबानेच सुरू झाले.